मणक्यात जंतुसंसर्ग, पण मूळ हृदयाच्या झडपेत: बाबांचा आजार आणि काही प्रश्न

कृष्णाकाठ | रविवार, रात्री ११:४०

नमस्कार. मी इथे बहुतेक वेळ नुसता वाचत असतो. आज पुण्यातल्या एका रुग्णालयात बाबांच्या कॉटशेजारी बसून लिहितोय. औषधाचा आज एकोणिसावा दिवस. तीन महिने आम्ही ज्याला कंबरदुखी म्हणत होतो, ते हृदयाचंही दुखणं होतं. इथल्या कुणाच्या तरी घरात आत्ता हेच चालू असेल, म्हणून सगळं सविस्तर मांडतो.

बाबा ६७ वर्षांचे. सातारा जिल्ह्यात आमचा ऊस. दिवाळीनंतर त्यांचं प्रोस्टेटचं दुर्बिणीतून ऑपरेशन झालं, आठवडाभर लघवीची नळी होती. तेव्हा काही त्रास झाला नाही. जानेवारीत कंबर धरली. 'मणक्यात गॅप पडलाय' म्हणून बेल्ट, शेक, गोळ्या सुरू झाल्या. पण हे दुखणं वेगळंच होतं. एरवी कंबर दुखली की माणूस आडवा होतो आणि त्याला बरं वाटतं. बाबांचं रात्रीच वाढायचं. पहाटे तीनला जाग आली की ते पडवीत खांबाला धरून उभे दिसायचे. संध्याकाळी अंगात कसकस, ताप ९९-१००, त्याहून जास्त कधी नाही. भूक गेली, दोन महिन्यांत आठ किलो वजन उतरलं. ताप वाढला की गावात सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन या अँटिबायोटिकची पाच इंजेक्शनं मिळायची. चार दिवस हुशारी वाटायची, पुन्हा तेच.

फेब्रुवारीअखेर एमआरआय केला. कमरेचा तिसरा आणि चौथा मणका समोरासमोरच्या बाजूंनी खराब झालेले, मधली गादी जवळजवळ गेलेली. रिपोर्टमध्ये 'क्षयरोगाची शक्यता' असं होतं. तेवढ्यावर एकेटी, म्हणजे क्षयाची औषधं, सुरू झाली. मणक्यातला तुकडा काढून तपासला नाही, ब्लड कल्चरही (रक्तातले जंतू बाटलीत वाढवून ओळखणं) केलं नाही. पहिले दहा-बारा दिवस बरं वाटलं, त्यामुळे आम्हीही निर्धास्त झालो. मग माडीवर जाताना दम लागायला लागला.

पुण्याच्या फिजिशियन मॅडमनी एमआरआयची फिल्म उघडण्याआधी बाबांचे हात हातात घेतले. उजव्या हाताच्या दोन नखांखाली बारीक, काळपट लाल, उभी रेघ होती. ती मीही पाहिली होती. पाचटाचं कुसळ आत मोडलंय असं समजून आई सुईने काढायला बसली होती. मॅडमनी स्टेथोस्कोप लावला, बाबांना पुढे वाकायला सांगितलं (ते कळवळलेच), श्वास सोडून धरायला लावला आणि बराच वेळ ऐकत राहिल्या. मग विचारलं, "यांचा इको कधी झालाय?" इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, ती कधीच झाली नव्हती.

त्याच संध्याकाळी वेगवेगळ्या जागांहून तीनदा रक्त काढून कल्चरला पाठवलं. दुसऱ्या दिवशी तिन्हींत जंतू वाढले: एन्टेरोकोकस फीकॅलिस. अन्ननलिकेतून केलेल्या इकोत एऑर्टिक झडपेवर (हृदयाच्या डाव्या बाजूची, शरीराकडे रक्त सोडणारी) ११ मिलिमीटरची गाठ दिसली, झडप गळतेय असंही कळलं. मणक्यातल्या तुकड्यातही तोच जंतू निघाला, क्षयाची सीबीनॅट तपासणी निगेटिव्ह आली. एकेटी बंद केली.

आता माझे प्रश्न. जंतू आधी झडपेवर बसला की मणक्यात? मणक्याला जंतुसंसर्ग झालेल्या प्रत्येकाचा इको व्हायला हवा का? आणि जे सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन गावात फुकट गेलं, तेच इथे अ‍ॅम्पिसिलिनबरोबर का देतायत?

---

अबोली | सोमवार, सकाळी ७:१५

काळजी घ्या, बाबांना लवकर आराम पडो. मी स्वतः हृदयरोगी आहे, त्यामुळे वाचून पोटात गोळाच आला. जाणकारांच्या उत्तराची वाट पाहते.

---

वॉर्डराउंड | सोमवार, दुपारी २:०५

मी फिजिशियन आहे. पेशंट न तपासता त्याच्या उपचारांवर बोलणार नाही, पण यामागचं गणित सांगता येईल.

झडपेवर जी 'गाठ' दिसते तिला आम्ही व्हेजिटेशन म्हणतो. फायब्रिन, प्लेटलेट आणि त्यात दडलेले जंतू यांचा तो थर. तुम्ही शेतकरी आहात म्हणून तसंच सांगतो. पाटाच्या दाराला शेवाळ धरलंय आणि पाणी अखंड वाहतंय. दारावरून शेवाळाचे तुकडे सुटत राहतात आणि शेवटच्या सरीपर्यंत पोचतात. डाव्या बाजूच्या झडपेवरून सुटलेले तुकडे मेंदू, प्लीहा, मूत्रपिंड, मणके कुठेही जातात. बाबांच्या नखाखालच्या रेघा हा त्यातलाच एक बारीक प्रकार.

मग मणकाच का? मणक्याच्या टोकाकडच्या हाडात बारीक रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं आणि तिथे रक्ताचा वेग मंद असतो. शिवाय एकाच धमनीच्या फांद्या वरच्या मणक्याच्या खालच्या भागाला आणि खालच्या मणक्याच्या वरच्या भागाला रक्त देतात. म्हणून तुमच्या एमआरआयमध्ये दोन मणके समोरासमोरच्या बाजूंनी खराब दिसले. मोठ्या माणसाच्या गादीला स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतोच, त्यामुळे जंतू शेजारच्या हाडातून तिच्यात शिरतो आणि ती झपाट्याने खाल्ली जाते. मणक्याच्या क्षयात गादी बऱ्याचदा उशिरापर्यंत टिकून राहते. हा फरक उपयोगी आहे, पण नुसत्या फिल्मवर पैज लावू नये.

आधी झडप की आधी मणका, हे एका पेशंटमध्ये ठामपणे सांगणं अवघड असतं. बाबांच्या बाबतीत लघवीच्या मार्गावरच्या प्रक्रियेतून एन्टेरोकोकस रक्तात गेला असावा, हे त्या जंतूचं ओळखीचं वागणं आहे. वयाने जाड झालेल्या एऑर्टिक झडपेवर तो बसला आणि तिथून मणक्यात गेला, हा जास्त शक्यतेचा क्रम. उलटंही होतं. हाडातला स्टॅफिलोकोकस ऑरियस रक्तात उतरतो आणि चांगल्या धडधाकट झडपेलाही चिकटतो. कधी एकाच वेळी दोन्हीकडे बीज पडतं, मग कोण पहिलं याला अर्थ उरत नाही. अर्थ याला आहे की एक सापडलं की दुसरं शोधायचं.

किती वेळा सापडतं? बार्सिलोनातल्या डॉक्टरांनी २००५ मध्ये मणक्याच्या पू होणाऱ्या संसर्गाचे ९१ रुग्ण मांडले होते, त्यातल्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्यात झडपही बाधित होती. ते मोठं रुग्णालय, तिथे गुंतागुंतीचेच रुग्ण येतात, त्यामुळे हा आकडा सगळीकडे जसाच्या तसा लावू नका. पण दुर्लक्ष करण्याइतका तो नक्कीच लहान नाही. युरोपच्या हृदयरोगतज्ज्ञ संघटनेने २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत मणक्याचा असा संसर्ग झडपेच्या आजाराच्या निदानाच्या दुय्यम निकषांत धरलाय.

---

वॉर्डराउंड | सोमवार, दुपारी २:३०

सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनचं राहिलं. एन्टेरोकोकसवर ते एकटं जवळजवळ निरुपयोगी असतं, हा त्या जंतूचा जन्मजात गुण. पण जंतूची भिंत बांधणारी प्रथिनं एकाहून जास्त असतात. अ‍ॅम्पिसिलिन त्यातली काही अडवतं, सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन दुसरी काही, आणि दोन्ही मिळून भिंत उभीच राहू देत नाहीत. आधी अ‍ॅम्पिसिलिनबरोबर जेंटामायसिन देत असू, ते वयस्कर माणसाच्या किडनीला आणि कानाला झेपत नाही.

आणखी एक, हे तळमळीने लिहितोय. एकेटीने दहा दिवस बरं वाटलं म्हणजे क्षयच होता, असं नसतं. एकेटीतलं रिफाम्पिसिन स्टॅफिलोकोकसवर चालतं, जनावरांकडून येणाऱ्या ब्रुसेला जंतूवर चालतं, इतरही काही जंतूंना थोडं थोपवतं. आपल्याकडे मणक्याचा क्षय खरोखरच खूप आहे, त्यामुळे डॉक्टरांच्या मनात तो पहिला येणं बरोबरच. पण पेशंटच्या पायांत ताकद असेल आणि तो गंभीर नसेल, तर पहिल्या गोळीआधी ब्लड कल्चर आणि मणक्यातला तुकडा, एवढं थांबायला हवं. एकदा औषध पोटात गेलं की बऱ्याचदा जंतू बाटलीत वाढत नाही आणि मग सगळेच अंधारात चाचपडतात.

---

सह्यकडा | सोमवार, संध्याकाळी ६:५०

माहिती उत्तम, पण एक शंका. असं वाचून उद्या पाठ धरलेला प्रत्येक माणूस इको करायला धावेल. खेड्यातल्या माणसाला एमआरआयचे पैसे जमवताना जीव जातो. माझ्या चुलत्यांना खरोखर क्षयच होता आणि एकेटीने ते ठणठणीत झाले. घबराट पसरू नये एवढंच म्हणणं.

---

वॉर्डराउंड | सोमवार, रात्री ९:२०

@सह्यकडा, तुमचं म्हणणं रास्त आहे. साध्या कंबरदुखीला इको नको, एमआरआयही नको. बहुतेक कंबरा काही आठवड्यांत आपोआप बऱ्या होतात. मी बोलतोय ते रात्री आणि झोपल्यावरही न थांबणाऱ्या दुखण्याबद्दल, ज्याच्याबरोबर ताप आहे, वजन उतरतंय, ईएसआर-सीआरपी (शरीरातला दाह दाखवणाऱ्या रक्ताच्या तपासण्या) वाढलेत. तिथे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोलाची तपासणी म्हणजे ब्लड कल्चर. बाटल्यांच्या दोन किंवा तीन जोड्या, वेगवेगळ्या जागांहून, प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिलिलिटर रक्त. ताप चढण्याची वाट पाहायची गरज नाही, कारण झडपेच्या संसर्गात जंतू रक्तात सतत असतात.

छातीवरून केलेल्या नेहमीच्या इकोत नैसर्गिक झडपेवरचं व्हेजिटेशन शंभरातल्या साधारण ७० जणांत दिसतं, कृत्रिम झडप असेल तर त्याहून कमी. अन्ननलिकेतून केलेल्या इकोत ९० च्या वर. त्यामुळे संशय दाट असेल तर 'इको नॉर्मल' या दोन शब्दांवर थांबू नये.

आणि पाय लुळे पडणं, लघवी अडणं किंवा नकळत होणं हे दिसलं तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्या. पू मज्जारज्जूवर दाब देत असेल तर हातात तास असतात.

---

माणदेशी | मंगळवार, सकाळी ६:१०

मी पशुवैद्यक आहे. वरती ब्रुसेलाचा उल्लेख आला म्हणून लिहितो, कारण मी स्वतः त्यातून गेलोय. गाभडलेल्या गाईचा जार हातमोज्यांशिवाय ओढला होता. एकदा नाही, पंचवीस वर्षांत कितीतरी वेळा. मग रात्री अंथरूण भिजेल असा घाम, सांधे धरणं, ताप चढउतार, आणि शेवटी कंबर. मलाही पहिल्यांदा 'मणक्याचा टीबी' असंच सांगितलं होतं. एका डॉक्टरांनी धंदा काय करता हे विचारलं म्हणून सुटलो. रक्ताच्या तपासणीत ब्रुसेला निघाला. डॉक्सीसायक्लिन आणि रिफाम्पिसिन तीन महिन्यांच्या वर घेतलं. माझा इकोही केला होता, तेव्हा त्याचं कारण कळलं नव्हतं. ब्रुसेला झडपेवर क्वचितच बसतो, पण या आजाराने माणूस दगावतो तो बहुतेक त्यामुळेच, आणि बसतो तो बहुधा एऑर्टिक झडपेवर.

मेंढपाळ, गोठ्यातली मंडळी, खाटीक, कच्चं दूध पिणारी घरं, यांनी डॉक्टरांना आपणहून सांगावं. लॅबलाही कळवायला हवं, कारण हा जंतू सावकाश वाढतो आणि तपासणाऱ्यालाही बाधतो. कालवडींना ४ ते ८ महिन्यांच्या वयात लस मिळते, २०१९ पासून सरकारी कार्यक्रम आहे. तेवढं चुकवू नका.

---

पारिजात | मंगळवार, सकाळी १०:३५

आमच्या आत्याचं मूळ तिसरीकडेच निघालं. कंबरदुखी, ताप, मायट्रल झडपेवर व्हेजिटेशन, आणि कल्चरमध्ये स्ट्रेप्टोकोकस गॅलोलिटिकस. डॉक्टर म्हणाले आता कोलोनोस्कोपी करायची. आम्हाला वाटलं उगाच खर्च वाढवतायत. मोठ्या आतड्यात पॉलिप सापडला, पुढे कर्करोगात गेला असता असा. दुर्बिणीतूनच काढला. जंतूचं नाव कळणं इतकं महत्त्वाचं का, ते तेव्हा समजलं.

---

वॉर्डराउंड | मंगळवार, दुपारी १:००

@पारिजात, डॉक्टरांनी अगदी योग्य केलं. या जंतूचं पूर्वीचं नाव स्ट्रेप्टोकोकस बोव्हिस. आतड्याच्या गाठींशी त्याचं नातं जुनं आणि पक्कं आहे. मणक्यात जाण्याचीही त्याला खोड आहे.

---

सावली_आई | मंगळवार, रात्री १०:१५

आमच्याकडे उलट्या दिशेने झालं असतं, थोडक्यात वाचलो. मुलगा नऊ वर्षांचा, खेळताना नडगीला लागलं, दोन दिवसांत गुडघ्याखाली सूज आणि १०३ ताप. मुका मार म्हणून लेप लावत होतो. निघाला हाडातला पू, स्टॅफिलोकोकस. ऑपरेशन करून काढला. चौथ्या दिवशीही ताप उतरेना आणि दुसरं कल्चरही पॉझिटिव्ह आलं, तेव्हा बालरोगतज्ज्ञांनी इको केला. झडपा स्वच्छ होत्या. त्या पंधरा मिनिटांत पडद्यावर उघडझाप करणाऱ्या त्या दोन पाकळ्यांकडे पाहत मी जे बसले होते, ते अजून डोळ्यांसमोर आहे.

मुलांच्या हाडात हे गुडघ्याच्या आसपासच का होतं?

---

वॉर्डराउंड | बुधवार, सकाळी ७:४५

हाड जिथून वाढतं त्या पट्टीजवळ केशवाहिन्या वळसा घेऊन मागे फिरतात, तिथे रक्त संथ होतं. गुडघ्याभोवतीची हाडं सगळ्यात वेगाने वाढतात, म्हणून तिथे जास्त. योग्य औषध चालू असताना दुसरं कल्चर पॉझिटिव्ह येणं ही झडप पाहण्याची मोठी सूचना असते. तुमच्या डॉक्टरांनी ती ओळखली.

---

लीड्सकर | बुधवार, दुपारी ३:३०

मी इंग्लंडमध्ये नर्स आहे. घरी राहून शिरेतून अँटिबायोटिक घेणाऱ्या रुग्णांचं काम पाहते. @कृष्णाकाठ, सहा आठवडे रुग्णालयात काढणं घरच्यांनाही किती झिजवतं ते रोज पाहते. इथे ब्रिटनमधल्या १०५४ रुग्णांच्या हाडा-सांध्यांच्या संसर्गाच्या चाचणीत दिसलं, की पहिल्या आठवड्यातच गोळ्यांवर नेलेले रुग्ण शिरेतून औषध घेणाऱ्यांइतकेच बरे झाले. तुमच्या डॉक्टरांना जरूर विचारा.

---

वॉर्डराउंड | बुधवार, रात्री ८:५०

त्याच चाचणीच्या शेजारचं पान झडपेचं होतं. ३१ जानेवारी २०१९ च्या न्यू इंग्लंड जर्नल या वैद्यकीय नियतकालिकात दोन्ही निबंध पाठोपाठ छापले गेले. दुसरा डेन्मार्कचा, डाव्या बाजूच्या झडपेचा संसर्ग असलेले ४०० रुग्ण. किमान १० दिवस शिरेतून औषध घेऊन जे स्थिर झाले, त्यांनाच गोळ्यांवर नेलं, तेही नीट जुळवलेल्या दोन औषधांच्या जोडीवर आणि अन्ननलिकेतून पुन्हा इको करून. निकाल चांगले आले. पण @कृष्णाकाठ, झडप गळत असताना हा निर्णय तुमच्या डॉक्टरांच्या सगळ्या चमूचा. मणक्यासाठी ६ आठवडे पुरतात, १२ लागत नाहीत, हे २०१५ च्या फ्रान्समधल्या चाचणीने दाखवलंय. झडपेसाठीही साधारण तेवढेच. दोन्हींचं घड्याळ एकत्र चालतं, हीच त्यातली सोय.

---

अबोली | गुरुवार, सकाळी ८:००

धीर करून विचारते. लहानपणी संधिवाताचा ताप झाला होता, वर्षानुवर्षं दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन. ३४ व्या वर्षी मायट्रल झडप बदलली, धातूची आहे, रक्त पातळ ठेवणारं वॉरफेरिन चालू. दोन आठवडे पाठ दुखतेय, दोनदा ९९ ताप आला. घराजवळच्या डॉक्टरांनी अँटिबायोटिकची चिठ्ठी दिलीय, अजून घेतलेलं नाही.

---

वॉर्डराउंड | गुरुवार, सकाळी ८:२५

@अबोली, घेऊ नका. आजच तुमच्या हृदयरोगतज्ज्ञांकडे जा आणि "कृत्रिम झडप आहे, ताप आहे, औषधाआधी ब्लड कल्चर करा" एवढंच सांगा. आयएनआरही (रक्त किती पातळ आहे ती तपासणी) करून घ्या. आणि पुढे कधी कुणी रिफाम्पिसिन दिलं तर वॉरफेरिनचं आठवणीने सांगा. त्याने वॉरफेरिनचा असर उतरतो आणि धातूच्या झडपेवर गुठळी धरू शकते.

---

अबोली | सोमवार, संध्याकाळी ५:४०

तिन्ही कल्चर पाच दिवस ठेवायचीत, चौथ्या दिवसापर्यंत काही वाढलेलं नाही. सीआरपी नॉर्मल, अन्ननलिकेतून इको केला, झडप स्वच्छ. ताप पुन्हा आला नाही. पाठ स्नायूंची आहे म्हणतायत. तज्ज्ञांनी उलट दात विचारले, कारण तिथूनही जंतू रक्तात जाऊन झडपेवर बसू शकतात! दाढ काढायची होती. प्रक्रियेआधी अर्धा ते एक तास अ‍ॅमॉक्सिसिलिन २ ग्रॅम, हे चिठ्ठीवर लिहून दिलंय आणि दर सहा महिन्यांनी दात दाखवायला सांगितलेत. @वॉर्डराउंड, तुमचे उपकार विसरणार नाही.

---

कृष्णाकाठ | २४ दिवसांनी, रात्री १०:०५

सगळ्यांना एकेकाला उत्तर देता आलं नाही, माफ करा. दर चार तासांनी अ‍ॅम्पिसिलिन, म्हणजे रात्री दोनलाही. सिस्टर यायच्या आधी मी जागा व्हायचो आणि शाळेच्या वहीत वेळ टिपायचो. २५२ नोंदी झाल्या. सलाईनच्या सुया बदलून बदलून हाताच्या शिरा संपल्या, मग दंडातून लांब नळी घातली. घरी नेण्याबद्दल विचारलं होतं, पण तयार केलेलं अ‍ॅम्पिसिलिन उष्ण हवेत फार वेळ टिकत नाही आणि झडपेवर लक्ष ठेवायचं होतं, म्हणून थांबलो.

बाबांना कुशीवर वळवायचं म्हणजे खांदा, कंबर आणि गुडघा एकदम, ओंडका फिरवावा तसं. मी एका बाजूला, आई दुसऱ्या. पहिल्या आठवड्यात ओरडायचे. तिसऱ्यात नुसता दात आवळल्याचा आवाज. पाचव्यात स्वतःच म्हणाले, "सोड, मी होतो."

सहा आठवडे पुरे झाले. कल्चर चौथ्या दिवसापासूनच स्वच्छ होती, सीआरपी १४८ वरून ६ वर आलंय. गाठ लहान झाली, पण झडप गळतेच आहे, ती बदलावी लागेल. मणका भरून येतोय, त्यामुळे सर्जन तयार आहेत. त्याआधी दंतवैद्यांनी दोन किडलेल्या दाढा काढल्या. गावातल्या डॉक्टरांना मी सगळी फाईल दाखवून आलो. त्यांनी एकेक कागद वाचला आणि ब्लड कल्चरच्या बाटल्या कुठून मिळतात ते विचारून घेतलं.

आज घरी आलो. बाबा ब्रेसचे पट्टे आवळून पडवीत त्याच खांबापाशी खुर्चीवर बसलेत, खोडव्याला पाणी कधी दिलं ते विचारतायत. पुढचा इको १८ तारखेला आहे. झाला की इथेच लिहीन.